बेडरूमच्या पश्चिम भिंतीवरील डाग : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तुत डाग जमिनीपासून २ फूट ७ इंचांवर सुरू होतो आणि ४ फूट १ इंचावर संपतो. रुंदी सरासरी ११ इंच. रंग कडेला करडा, आत हिरवट, मधोमध काळा. आकाराविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सासूबाईंना तो बसलेला नंदी वाटतो, आमच्या ह्यांना श्रीलंकेसकट दक्षिण भारत, आणि सहा वर्षांच्या नातवाला डायनोसॉर. मोजमापं मी शिवणाच्या टेपने, सकाळी सात वाजता, पंखा बंद ठेवून घेतली. पद्धतिशास्त्राबद्दल उद्या कुणी शंका काढली तर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की ती पुसण्याआधी तिला वर्गांक देण्याची सवय लागली आहे. डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, कपाट सरकवताना हा डाग प्रथम दिसला तेव्हाही माझ्या मनात फडक्याच्या आधी ड्यूईची दशांश पद्धतच आली. बुरशीचा अंक आमच्या उमेदीच्या काळात ५८९.२ होता, म्हणजे ती वनस्पतिशास्त्राच्या घरात राहत असे. पुढे १९९६च्या एकविसाव्या आवृत्तीत तिला तिथून उठवून ५७९.५ या अंकावर, सूक्ष्मजीवांच्या शेजारी बसवलं. शास्त्रज्ञांनी तर त्याच्या बऱ्याच आधी तिला झाडांपासून वेगळं काढलं होतं. १९६९ साली व्हिटेकर यांनी सजीवांची पाच राज्यं मांडली, त्यात एक अख्खं राज्य कवकांचं. बुरशीला हरितद्रव्य नाही, ती स्वतःचं अन्न शिजवत नाही, दुसऱ्याच्या घरी जाऊन आयतं खाते आणि नात्याने झाडांपेक्षा प्राण्यांना जास्त जवळची आहे. हे वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पाहुणाच की." एवढ्या थोडक्यात व्याख्या ड्यूईलाही जमली नव्हती.

संज्ञाविचार

मराठी शेतकऱ्याकडे या विषयाचा शब्दसंग्रह थक्क करणारा आहे. द्राक्षावर येते ती भुरी, पानाखाली धरतो तो डावणी, गव्हावर तांबेरा, ज्वारीच्या कणसात काणी, आणि पानं जळल्यासारखी करतो तो करपा. नाशिककडचा बागायतदार नुसत्या पानाकडे पाहून सांगतो की हे कोण आणि याला काय मारायचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाकडे मात्र एकच शब्द : बुरशी. भाकरीवर असो, चपलेवर असो, लोणच्यावर असो की सोफ्याच्या मागे असो, बुरशीच. यावरून आपण तिच्याकडे किती कमी वेळा नीट पाहिलं आहे ते कळतं. याउलट ती येण्याआधीच्या अवस्थेसाठी आपल्याकडे शब्दांची चंगळ आहे : ओल, दमट, सर्द, कुबट, आंबूस. म्हणजे मराठी नाकाने या विषयात पुष्कळ काम केलं आहे, डोळा मागे राहिला.

नाव देताना होणाऱ्या दोन चुका इथेच दुरुस्त करते, कारण त्यांच्यापायी घराघरांतून पैसे वाया जातात. बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यात जी हिरवी, बुळबुळीत साय चढते ती बहुधा शेवाळ. तिला उजेड लागतो. आमच्या डागाला अंधारच आवडतो. दुसरी चूक लोण्याची. लोणा म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर येऊन भिंतीवर पांढरी पूड धरते ती. तीही कापसासारखी दिसते आणि अनेक गृहिणी तिला बुरशी समजून औषध मारत बसतात. परीक्षा सोपी आहे : बोटभर पूड घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब टाकावा. विरघळली तर लोणा, नाही विरघळली तर प्रबंध पुढे वाचावा.

पूर्वसूरी

या विषयावरचा फार जुना आणि तपशीलवार शासननिर्णय बायबलच्या जुन्या करारात, लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात आहे. घराच्या भिंतीत हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर मालकाने याजकाला वर्दी द्यायची. याजक येण्यापूर्वी घर रिकामं करायचं. तो पाहून घर सात दिवस बंद करणार. चट्टे पसरले असतील तर तेवढे दगड उपटून गावाबाहेर टाकायचे, भिंत खरवडायची, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. एवढं करूनही चट्टे परत आले, तर घर पाडायचं. हजारो वर्षांपूर्वीच्या या नियमावलीत पाहणी, नोटीस, दुरुस्ती आणि शेवटी रिडेव्हलपमेंट असे चारही टप्पे क्रमाने आहेत. आमची सोसायटी दुसऱ्या टप्प्यावर आहे.

युरोपात या विद्येचा पाया फ्लॉरेन्सच्या मिकेली यांनी घातला. १७२९ साली त्यांनी आपला ग्रंथ छापला. खरबुजाच्या फोडींवर बुरशीची बारीक पूड टाकली की तीच बुरशी उगवते, म्हणजे ती पूड हे तिचं बी आहे, असं त्यांनी दाखवलं. तोवर बुरशी आपोआप, कुजण्यातून जन्मते असाच समज होता. आमच्याकडे तो अजून आहे. सूक्ष्मदर्शकातून एका बुरशीचं डोकं त्यांना ख्रिस्ती देवळात तीर्थ शिंपडायच्या उपकरणासारखं दिसलं, म्हणून तिचं नाव पडलं ॲस्परजिलस. हाच शोध आपल्याकडे लागला असता तर नाव दर्भावरून पडलं असतं आणि बुरशी सोवळ्यात गेली असती.

पुढचे विद्वान जरा धाडसी निघाले. मँचेस्टरचे डॉक्टर ब्लॅकली यांना स्वतःलाच गवताच्या परागाने शिंका येत. १८७३च्या त्यांच्या ग्रंथात आहे की त्यांनी ओल्या पेंढ्यावर वाढवलेल्या बुरशीचे बीजाणू मुद्दाम नाकात ओढून पाहिले. घसा बसला, छाती भरली. प्रयोग यशस्वी झाला. बिचाऱ्यांनी हे सगळं हेतुपुरस्सर केलं. आमच्या घरात तोच प्रयोग दोन पावसाळे चालला होता आणि कुणालाही त्याचं श्रेय नको होतं.

आणि १८३७ साली कोर्डा यांनी प्रागमधल्या एका घराच्या भिंतीवरच्या कागदावरून एक काळी बुरशी उचलून तिचं वर्णन केलं. तिचं आजचं नाव स्टॅकिबॉट्रिस चार्टारम. चार्टा म्हणजे कागद. ही पुढे अमेरिकेत फार बदनाम झाली, त्याबद्दल नंतर. मला विशेष वाटलं ते हे की कोर्डा यांनीही डागाचा अभ्यास घरातच केला होता. त्यांच्या घरच्यांचं त्यावर काय म्हणणं पडलं, ते ग्रंथात येत नाही.

क्षेत्रपाहणी

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस ही मंडळी डोंबिवलीतही आहेत आणि लंडनमध्येही. लंडनच्या सेंट मेरी हॉस्पिटलात १९२८ साली अशीच एक पाहुणी फ्लेमिंग यांच्या बशीत उतरली आणि त्यातून पेनिसिलिन निघालं. आमच्या भिंतीवरची उतरली त्यातून फक्त सोसायटीचं पत्र निघालं. एक बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर तीनशेच्या वर ओळीने बसतील. अशा पाहुण्याला दार लावून बाहेर ठेवणं शक्य नाही. त्याला अन्नही फार लागत नाही : भिंतीवरची धूळ, आपल्याच कातडीचा कोंडा, प्लास्टिक पेंटमधली काही द्रव्यं, पुस्तकाच्या पुठ्ठ्याची खळ. ही शिधासामग्री प्रत्येक घरात बारा महिने असते. अडतं ते फक्त पाण्यावाचून. भिंतीलगतची आर्द्रता बरेच दिवस ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहिली की तिचं भागतं, आणि एखादी वस्तू नीट भिजली तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ती वाळवली नाही तर तिथे संसार सुरू होतो.

ही अट आमच्या भागात जूनपासून आकाशच पूर्ण करतं. जुलैतली हवा ऐंशी टक्क्यांच्या वरच असते. त्यात आम्ही भर घालतो. धुवून पिळलेल्या एका मशीनभर कपड्यांतून वाळताना दोनेक लिटर पाणी खोलीत सुटतं. आमच्या बेडरूममध्ये पावसाळ्यात तीन दोऱ्या बांधलेल्या असतात, खिडकी पावसाच्या भीतीने बंद, आणि पंखा दोन नंबरवर. म्हणजे आम्ही झोपतो ती खोली नव्हे, ते धुकं आहे. त्यात कपाट भिंतीला घट्ट चिकटवलेलं, मागे हवा हलायला अर्धा इंच जागा नाही. इंटिरियर करणारा मुलगा म्हणाला होता, "काकू, फट ठेवली तर कचरा जातो." कचरा खरंच गेला नाही. बाकी सगळं गेलं.

आजोळी, रत्नागिरीकडे, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडायचा. तिथेही बुरशी होती, पण चपलांना आणि पुस्तकांना, भिंतींना कमी. याचं कारण तिथल्या भिंतींचा चांगुलपणा नव्हे, चुना आहे. ताजा चुना इतका क्षारधर्मी असतो की बुरशीला तो सोसवत नाही. कालांतराने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो मवाळ होतो, म्हणून दरवर्षी नवा हात मारायचा. वर उतारू छप्पर, बाहेर पडवी, माळ्यावर चुलीचा धूर. आम्ही दरवर्षी चुना लावत नाही. आम्ही सात वर्षांची गॅरंटी असलेला रंग लावतो आणि सातव्या वर्षाची वाट पाहतो.

घरातले संप्रदाय

डागाविषयी आमच्या घरात तीन संप्रदाय आहेत आणि तिन्हींचे आचार्य एकाच टेबलावर जेवतात.

पहिला पुसणवादी. आचार्या : सासूबाई, वय चौऱ्याऐंशी. यांच्या मते बुरशी हा वस्तूचा दोष नाही, वस्तूवर आलेली एक वेळ आहे. पुसली की गेली. या संप्रदायाचं मूळ भिंतीत नसून लोणच्याच्या बरणीत आहे. कैरीच्या लोणच्यावर पांढरी साय आली की वरचा थर काढायचा, गरम करून गार केलेलं तेल वर ओतायचं आणि कुणाला सांगायचं नाही. इथे मी संशोधक म्हणून सौम्य आणि सून म्हणून अतिसौम्य मतभेद नोंदवते. लोणच्यात मीठ, आंबटपणा आणि तेल हे तीन पहारेकरी आहेत, म्हणून पिढ्या निभावल्या. पण पाव, भाकरी, गुळाचा मऊ खडा, उकडलेलं काही, यांत वरचा ठिपका हे नुसतं टोक असतं, धागे आत पसरलेले असतात. तिथे कापून काढणं ही मनाची समजूत. शेंगदाणे आणि मका तर वादाच्या पलीकडे आहेत. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी त्यांवर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी भुईमुगाच्या पेंडीतून ते खाऊन मेले आणि या विषाचा शोध लागला. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. हे सगळं सांगितल्यावर सासूबाईंनी काळे पडलेले शेंगदाणे टाकून दिले, पण कावळ्याला. मी त्यांना टर्कीची गोष्ट पुन्हा सांगितली.

दुसरा झाकणवादी. आचार्य : हे. यांचं तत्त्वज्ञान असं की जे दिसत नाही त्याला अस्तित्व नाही. त्यांनी डागावर कॅलेंडर लावलं. डाग खाली असल्याने कॅलेंडरही खाली आलं. आमच्या घरात गेली दोन वर्षं एकादशी पाहायची तर वाकावं लागतं, आणि सासूबाईंना तिथी सांगायला नातू लागतो, कारण त्या उंचीचा तोच आहे. झाकणवादाची आधुनिक शाखा म्हणजे वरून रंग मारणं. ओल्या भिंतीवरचा रंग महिन्याभरात पोपडे धरतो आणि खालची बुरशी नव्या रंगाला जेवण समजते. आमच्याकडे तिने दोन हात खाल्ले, प्राइमरसकट.

तिसरा आणि सर्वांत मोठा, अखिल भारतीय पातळीवर अनुयायी असलेला संप्रदाय म्हणजे वरचेवादी. याचं एकच सूत्र : पाणी वरच्यांचं. ही आचार्यपदवी, सांगायला संकोच वाटतो, माझ्याकडे आहे. सोसायटीला तीन पत्रं मीच लिहिली. 'वरील सदनिकेतून होणाऱ्या गळतीबाबत' असा विषय, खाली मोजमापांचं परिशिष्ट. वरच्या काकू पंचाहत्तरीच्या, स्वभावाने शांत. त्यांनी पत्राला उत्तर दिलं नाही. पण गणपतीत त्यांच्याकडून येणारे उकडीचे मोदक एकवीसचे अकरा झाले, आणि पुढच्या वर्षी नुसता प्रसाद आला, कागदाच्या पुडीत. सेक्रेटरींनी वरच्या बाथरूमची मोरी बुजवून चोवीस तास पाणी साठवून पाहिलं. आमच्या छताला थेंबभर ओल आली नाही. मी नोंदवहीत लिहिलं : 'चाचणी उन्हाळ्यात घेतल्याने ग्राह्य धरता येत नाही.'

त्याच वहीत, त्याच पानावर, माझ्याच अक्षरात आणखी एक वाक्य आहे : 'छत व भिंतीचा वरचा चार फुटांहून अधिक भाग पूर्ण कोरडा.' ते मी अक्षर छान यावं म्हणून दोनदा गिरवलंही आहे.

आरोग्यविचार

इथवर विषय करमणुकीचा होता. मग नातू महिनाभर राहायला आला आणि रात्री खोकायला लागला. दिवसा बरा, रात्री खोकला, सकाळी शिंकांची माळ. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारलं, "घरात ओल आहे का?" मी म्हटलं, "त्यावर माझा प्रबंध चालू आहे." त्या म्हणाल्या, "तोपर्यंत मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा."

बुरशीने काय होतं याबद्दल दोन टोकं आहेत. एक म्हणतं काही होत नाही, दुसरं म्हणतं भिंत माणसाला मारते. दोन्ही टोकं झोपायला सोयीची, कारण पहिल्यात काही करायचं नसतं आणि दुसऱ्यात काही करता येत नाही. खरं मधे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलीच्या, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त होतात, असं त्यात म्हटलं आहे. किती बीजाणू चालतील याचा आकडा मात्र त्यांनी दिला नाही. ओल रोखा, आलेली काढा, एवढंच. ज्याला आधीच ॲलर्जी किंवा दमा आहे त्याचा त्रास बुरशी वाढवते. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेत ॲस्परजिलसमुळे एक वेगळाच, हट्टी ॲलर्जीचा आजार होतो. १९५२ साली ब्रिटनमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं आणि भारतातल्या छातीच्या डॉक्टरांना तो चांगला परिचयाचा आहे. दम्याचं औषध चालू असूनही दमा आटोक्यात येत नसेल तर त्याची तपासणी करून घ्यावी, हे या प्रबंधातलं एकमेव वाक्य मी गंभीर चेहऱ्याने लिहिते आहे. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, म्हणजे केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, त्यांच्या फुप्फुसात बुरशी घर करू शकते. त्यांनी बुरशी साफ करायच्या कामात हातच घालू नये, खोलीतही थांबू नये.

काळ्या रंगाची भीती हा स्वतंत्र विषय आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडला काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि बोट कोर्डांच्या त्या काळ्या बुरशीकडे दाखवलं गेलं. २००० साली तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने पुन्हा तपासून सांगितलं की संबंध सिद्ध होण्याइतका पुरावा नाही. तोवर काळी बुरशी जगभर खलनायिका झाली होती. आपल्याकडे २०२१ साली याचीच वेगळी आवृत्ती निघाली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात फार माणसं गेली. डोळे गेले, जबडे गेले. त्या आजाराला नाव पडलं काळी बुरशी. खरं तर ती बुरशी काळी नसते, तिने रक्तपुरवठा तोडल्यावर मरणारी ऊती काळी पडते. धोका होता तो वाढलेल्या साखरेचा आणि स्टेरॉइडच्या जादा वापराचा. पण नावात काळी आल्याबरोबर फोनवर संदेश फिरू लागले : कांद्यावरची काळी पूड आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर यांतून हा रोग होतो म्हणे. ती वेगळी बुरशी, वेगळी गोष्ट. आमच्या घरात त्या आठवड्यात तीन किलो कांदे सोलून, धुऊन, पुसून ठेवले. ओले कांदे बंद डब्यात. पुढच्या आठवड्यात त्यांच्यावर जे उगवलं ते मात्र निर्विवाद होतं.

रंगावरून धोका ओळखता येत नाही, हा यातला मुद्दा. म्हणूनच भिंतीवरची बुरशी प्रयोगशाळेत पाठवून तिचं नाव काढायची बहुतेक घरांना गरज नसते. नाव काहीही निघालं तरी करायचं तेच : काढायची आणि पाणी थांबवायचं. एका माजी ग्रंथपालाला हे लिहिताना किती यातना झाल्या असतील याची कल्पना करावी. वर्गांक निरुपयोगी ठरला.

उपाय आणि त्यांचे पराभव

कोरड्या झाडूने झाडणं : बीजाणू खोलीभर. वर्ज्य.

डांबरगोळ्या : पैठणीला वास, बुरशीला काही नाही. त्या कसरीसाठी.

वेखंड : पुस्तकांच्या किड्यांना चालतो. बुरशीने माझ्या जुन्या शब्दकोशाच्या मागच्या पानावर वेखंडाच्या पुरचुंडीभोवती गोल कडं करून दाखवलं.

ॲसिड आणि ब्लीच : इथे थोडं थांबते. ह्यांनी एका रविवारी, कुणाला न सांगता, ब्लीचच्या बादलीत संडास साफ करायचं ॲसिड ओतलं, की 'दोन्ही मिळून जास्त चालेल'. जास्तच चाललं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो. हे खोकत, डोळे पुसत गॅलरीत आले, सासूबाईंनी तुळशीपाशी नेऊन बसवलं. घरातला त्या वर्षीचा सर्वांत तीव्र श्वसनविकार बुरशीने झालेला नाही, हे आकडेवारीच्या प्रामाणिकपणासाठी लिहिते. शिवाय भिंत, प्लायवुड अशा सच्छिद्र जागी ब्लीच वरचा रंग उडवतं, आतपर्यंत पोचतच नाही, आणि मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी करतेच. टाइल-काचेवरची साबणाच्या पाण्याने घासून, पुसून, वाळवून जाते. त्या वेळी हातात मोजे, नाकावर एन-९५ मास्क, खिडकी उघडी. कुजलेलं प्लायवुड आणि भिजलेली जिप्समची पाटी वाचवत बसू नये.

गादीला ऊन : सर्वोत्तम. श्रावणात ऊन पडलं की आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गाद्यांचं संमेलन भरतं. त्यात अध्यक्षपदावरून भांडणं होतात.

प्लंबर

शेवटी नातवाच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने, मला न विचारता प्लंबर बोलावला. तो आला, वाकला, कॅलेंडर बाजूला केलं, डागावर उलटा हात ठेवला. मग उठून भिंतीच्या पलीकडे, आमच्याच बाथरूममध्ये गेला. शॉवरच्या नळाची जागा हाताने मोजली, परत आला, तोच हात डागासमोर धरला. बरोबर डागाच्या मधोमध.

"मॅडम, आतली लाईन लीक आहे. पाणी तुमचंच."

मी त्याला वही दाखवली. त्याने तीन पानं उलटली आणि 'वरचा चार फुटांहून अधिक भाग पूर्ण कोरडा' यावर बोट ठेवलं. "हे लिहिलंय की तुम्ही." त्याने फी सहाशे सांगितली. पाहणीची. मी दोन वर्षांत फुलस्केप वह्या सहाशेच्या वरच्या घेतल्या होत्या.

पुढचं काम लेवीय ग्रंथाबरहुकूम झालं : भिंत फोडली, गिलावा उपटून खाली नेला, पाइप बदलला, आणि सर्वांत कठीण म्हणजे रंगाऱ्याला तीन आठवडे थांबवून ठेवलं. भिंत वाळल्याशिवाय रंग नाही, यावर मी पहिल्यांदाच कुणाशीही मतभेद ठेवला नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब उभं आहे. कपडे गॅलरीत, नाहीतर पंख्याखाली, खिडकी उघडून. नातवाचा खोकला गेला. त्यात भिंतीचा वाटा किती आणि ऋतू बदलल्याचा किती, हे सांगायला दुसरा नातू आणि दुसरी भिंत लागेल. कॅलेंडर मात्र ह्यांनी जुन्याच खिळ्याला अडकवलं, खालीच. म्हणाले, आता सवय झाली.

चौथं पत्र सोसायटीला द्यायचं होतं, पण ते मी लिहू शकले नाही. वर गेले. ताटात नारळाच्या वड्या नेल्या होत्या, एकवीस. काकूंनी दार उघडलं, वड्या घेतल्या, बसा म्हणाल्या, आणि माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मी चुकले असं म्हणायला मला प्रास्ताविकासकट दहा मिनिटं लागली. मग त्या उठल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथेही पश्चिमेच्या भिंतीवर, बऱ्याच खाली, एक कॅलेंडर होतं. त्यांनी ते हळूच उचललं.

"तुम्ही एवढा अभ्यास केलाय म्हणून विचारते हो," काकू म्हणाल्या. "ओल खालून वर येते का?"

मी पर्समध्ये शिवणाची टेप आहे का ते पाहू लागले.